लिनक्सवर फिरता घन आणि डुलत्या खिडक्या : जुन्या लॅपटॉपला झेपेल का?

पारिजातक | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा एक जुना लॅपटॉप आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचाच प्रोसेसर लागतो, म्हणजे हा बाद. पण चालत्या वस्तूला भंगारात घालायला जीव होईना. नवऱ्याने लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणि चार जीबी रॅम आणली, आता एकूण आठ झाली. भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवालं. तेव्हापासून मशीन अगदी तरतरीत आहे.

मागच्या रविवारी पार्ल्याला दिराकडे गेलो होतो. त्याच्या संगणकावर सगळा डेस्कटॉप एका मोठ्या चौकोनी ठोकळ्यासारखा गरकन फिरत होता, प्रत्येक बाजूवर वेगळ्या खिडक्या. खिडकी धरून ओढली की लवलवायची. माझी लेक सातवीत आहे, ती जेवायलाही तिथून उठेना. घरी आल्यापासून एकच भुणभुण, "आई, आपला का नाही फिरत?"

तर दोन प्रश्न. आमच्या या मशीनवर हे जमेल का, तापणार-बिपणार तर नाही ना? आणि दुसरा म्हणजे, याच लॅपटॉपवर सासूबाई रोज सकाळी ई-पेपर वाचतात, दुपारी भजनं ऐकतात. वय ७६. एवढ्या हलत्या-डुलत्या पडद्याने त्या गोंधळतील का? कोणी अनुभव घेतला असेल तर सविस्तर लिहा.


चाळकरी | रविवार, रात्री १०:१५

ताई, कुठली आठवण काढलीत!

२००७ साल. गिरगावातली आमची खोली, दहा बाय बारा. टेबलावर ५१२ एमबी रॅमचा जोडलेला पीसी. उबुंटू नावाच्या लिनक्सवाले तेव्हा मागितली की सीडी घरपोच फुकट पाठवायचे, पोस्टाने. पोस्टमन ते पाकीट घेऊन आला तेव्हा आईला वाटलं परदेशातून नोकरीचं पत्र आलं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००६ च्या सुरुवातीला, नॉव्हेल कंपनीच्या डेव्हिड रेव्हमनने कॉम्पिझ लोकांपुढे आणलं होतं. फिरता घन, लवलवत्या खिडक्या, सगळं त्यातलं. मग काही जणांनी फुटून बेरिल काढलं, आणि २००७ मध्ये दोघं पुन्हा एकत्र येऊन कॉम्पिझ फ्यूजन झालं. त्याच ऑक्टोबरात आलेल्या उबुंटू ७.१० मध्ये इफेक्ट आपोआप चालू असायचे, ज्यांच्या ग्राफिक्सला झेपेल त्यांच्यासाठी.

आमच्याच मजल्यावर एकाने त्या वर्षी नवाकोरा विंडोज व्हिस्टावाला संगणक घेतला होता. त्याच्या अर्धपारदर्शक काचेच्या खिडक्या बघायला आम्ही सगळे जाऊन आलो होतो. मग मी माझ्या डबड्यावर घन फिरवून दाखवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीत बसायला जागा नव्हती, चपला जिन्यापर्यंत. सगळ्यांचा एकच प्रश्न, "हे कुठलं विंडोज?"

एक प्रसंग तर अजून डोळ्यांपुढे आहे. शिफ्ट आणि एफ-नाइन दाबलं की पडद्यावर पावसाचे थेंब पडून तरंग उठायचे. पुढच्या जुलैत मी ते लावून ठेवलं आणि चहाला गेलो. शेजारचे अप्पा आत आले, पडदा बघितला, वर कौलांकडे बघितलं आणि धावत जाऊन बादली घेऊन आले. संगणक प्लास्टिकने झाकून ठेवलेला मला परत आल्यावर दिसला.

तुमचं मशीन आमच्या तेव्हाच्या मशीनच्या कितीतरी पुढे आहे. बिनधास्त करा.


टर्मिनलवाला | रविवार, रात्री १०:५२

पारिजातक ताई, आधी काय करायचं नाही ते सांगतो. नेटवरचे जुने लेख वाचून सिनॅमनवर कॉम्पिझ बसवायला जाऊ नका. सिनॅमनचा स्वतःचा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) आहे, मफिन नावाचा, आणि तो त्याच्या हाडामांसात आहे. तो काढून दुसरा बसवता येत नाही. कॉम्पिझच हवं असेल तर मेट नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर जावं लागेल.

पण तशी गरजच नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये इफेक्ट्स नावाचं पान आहे, साधे इफेक्ट तिथे. त्याच सेटिंग्जमध्ये एक्स्टेन्शन्स उघडा, डाउनलोडच्या टॅबमध्ये डेस्कटॉप क्यूब, डुलत्या खिडक्या, मॅजिक लॅम्प (खिडकी निमुळती होत पट्टीत शिरते) आणि बर्न माय विंडोज (खिडकी पेट घेते) असं सगळं मिळेल. वर्कस्पेस, म्हणजे वेगवेगळे डेस्कटॉप, चार ठेवा. कंट्रोल, ऑल्ट आणि डावा-उजवा बाण दाबला की घन फिरेल.

त्याआधी दोन गोष्टी. एक, टाइमशिफ्ट मिंटबरोबरच येतं, त्यात एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर परत जायला सिस्टिमची प्रत, काढून ठेवा. मात्र घरच्या फोल्डरातली सेटिंग्ज तो मुळात धरत नाही, तेव्हा एक्स्टेन्शन एकेक करून लावा म्हणजे कोणामुळे बिघडलं ते कळतं. दोन, सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये ग्राफिक्सचा भाग बघा. रेंडररच्या ओळीत इंटेल दिसलं तर उत्तम. एलएलव्हीएमपाइप दिसलं तर थांबा, कारण मग ग्राफिक्स चिप झोपलेली आहे आणि सगळी चित्रं प्रोसेसर स्वतः काढतोय. त्यावर घन फिरवलात तर पंखा बोंबलेल.

आणि मधेच पडदा अडकला तर कंट्रोल, ऑल्ट, एस्केप. सिनॅमन नव्याने सुरू होतं, उघड्या खिडक्या तशाच राहतात.


किनारा | रविवार, रात्री ११:०३

वाचनखूण साठवली. अप्पांची बादली आवडली.


साधासोपा | सोमवार, सकाळी ८:२०

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप वापरतो आणि हे इफेक्ट ज्याच्यावर चालतात तो कंपोझिटरसुद्धा बंद ठेवलाय. दिवसभर टॅलीच्या नोंदी आणि जीएसटीची विवरणं. दिवसातून दोनशे वेळा तरी खिडकी बदलतो. प्रत्येक वेळी पाव सेकंद ती सरकत, विरघळत, पेट घेत बसली तर माझ्या कामाची लय तुटते. बोटांना ठाऊक असतं पुढे काय दाबायचं, आणि पडदा अजून मागेच. आठ तासांत ही मागेपुढे होणारी ओढाताण अंगात येते.

मुलीला संगणक शिकवायचा तर तिला फाइल कुठे राहते, फोल्डर म्हणजे काय, कॉपी आणि मूव्हमध्ये फरक काय, हे दाखवा. फिरता ठोकळा आठ दिवसांत जुना होतो. सासूबाईंसाठी तर पडदा जितका स्थिर तितका चांगला, असं मला मनापासून वाटतं.


हायपरपोर | सोमवार, सकाळी ९:१०

साधासोपा काका, आदर आहेच, पण डेस्कटॉप सजवणं हेसुद्धा शिकणंच आहे. मी हायपरलँड नावाचा विंडो मॅनेजर वापरतो. त्यात सगळं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं. खिडकी किती वेळात यायची, आधी जोरात आणि मग हळू की उलट, त्यासाठी बेझियर वक्राचे चार आकडे द्यायचे. ते आकडे बदलून बदलून मला वक्र कळला, बारावीच्या गणितात कळला नव्हता. आता लोकलमध्ये बसल्या बसल्या फोनवर कॉन्फिग वाचत असतो. आम्ही याला राइसिंग म्हणतो.


किनारा | सोमवार, सकाळी ९:१४

राइसिंग म्हणजे भातलावणी का रे? आमच्या कोकणात आषाढात करतात.


हायपरपोर | सोमवार, सकाळी ९:३१

हाहा, तसंच समजा. चिखलात उतरल्याशिवाय दोन्ही होत नाही.


मास्तर_परळ | सोमवार, दुपारी २:०५

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून आत काय घडतं ते थोडं सांगतो. झेपेल की नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

पूर्वी सगळे प्रोग्रॅम एकाच पडद्यावर थेट चित्र काढायचे. एका फळ्यावर दहा मुलांनी खडू घेऊन लिहावं तसं. वरची खिडकी हलवली की खालच्या प्रोग्रॅमला सांगावं लागे, बाबा रे, तुझा तेवढा भाग पुन्हा काढ. तो दमला असेल तर खिडकीमागे पांढरा पट्टा उरायचा. कंपोझिटर आला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा कागद मिळाला. सगळे कागद ग्राफिक्स चिपच्या हातात. ती ते एकावर एक ठेवून अंतिम चित्र जुळवते. एकदा खिडकी म्हणजे चिपच्या हातातला कागद झाला, की तो वाकवा, घनाच्या बाजूवर चिकटवा, जाळा, चिपला त्याचं काही वाटत नाही. अशा चित्रांसाठीच ती घडवलेली आहे.

खर्च किती? १९२० बाय १०८० चा एक कागद, प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे साधारण ८ एमबी. दहा खिडक्या पूर्ण पडद्याच्या असल्या तरी ८० एमबी. ताईंच्या आठ जीबीत हा विषयच नाही. वेळेचं म्हणाल तर पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. घन आणि डुलणं एवढ्यात आरामात बसतं. महाग पडते ती धूसर काच, कारण तिथे प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूच्या कितीतरी बिंदूंची सरासरी काढावी लागते. जुन्या चिपवर एकच गोष्ट टाळायची असेल तर ती धूसर काच टाळा.

आता डुलण्याची गंमत. कॉम्पिझने खिडकीवर चार बाय चार बिंदूंची जाळी धरली, प्रत्येक बिंदूला वजन दिलं आणि शेजारच्या बिंदूंना स्प्रिंगने बांधलं. तुम्ही शीर्षकपट्टी धरून ओढता तेव्हा धरलेला बिंदू आधी जातो, बाकीचे मागून खेचले जातात, थोडे पुढे जातात, परत येतात. सेटिंगमध्ये स्प्रिंगचा स्थिरांक आणि घर्षण असे दोन आकडे असतात. स्थिरांक कमी केला की खिडकी ताटातल्या खरवसासारखी हलते. घर्षण वाढवलं की लगेच शांत होते. नववीच्या मुलांना मी हेच प्रोजेक्टरवर दाखवतो. घर्षण अगदी कमी करतो आणि विचारतो, आता ही कधी थांबेल? मागच्या बाकावरचे हातसुद्धा वर येतात. साधासोपा, हुकचा नियम फळ्यावर लिहिताना मला ते हात फारसे दिसत नाहीत, म्हणून मी या झगमगाटाच्या बाजूने आहे.


संध्याछाया | सोमवार, दुपारी ४:४८

मास्तरांचा प्रतिसाद सुंदर. पण एक बाजू राहून जातेय.

मला अर्धशिशी आहे. ऑफिसात नव्या मुलाने माझ्या मशीनवर हौसेने सगळं लावून दिलं, खिडक्या झेपावत येणं, पार्श्वभूमी सरकणं. तासाभरात मळमळायला लागलं. दोन दिवस कशामुळे होतंय तेच कळेना, मी डबा बदलला, चष्मा तपासला. तिसऱ्या दिवशी घन फिरताना डोळे आपोआप मिटले तेव्हा लक्षात आलं. ज्यांना गाडी लागते, चक्कर येते, त्यांना पडद्यावरच्या मोठ्या हालचालींनी खरंच त्रास होतो. घरात एकच मशीन चौघं वापरत असतील तर बंद कुठून करायचं ते सगळ्यांना आधी दाखवून ठेवा.


टर्मिनलवाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

संध्याछाया ताई, अगदी बरोबर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. मिंटमध्ये सेटिंग्ज, इफेक्ट्स, तिथलं पहिलंच बटण. लावलेली एक्स्टेन्शन त्यांच्या पानावरून वेगळी बंद करावी लागतात. ग्नोम नावाच्या डेस्कटॉपवर अॅक्सेसिबिलिटीत हालचाल कमी करण्याचं बटण आहे. केडीई या आणखी एका डेस्कटॉपवर वेगाची एक पट्टी असते, ती शेवटपर्यंत सरकवली की सगळं क्षणात होतं, हालचाल उरतच नाही.

आणि घरात चौघं असतील तर सर्वांत साधा उपाय, प्रत्येकाचं वेगळं युजर खातं. इफेक्ट त्या त्या खात्यापुरते राहतात. लेकीचा घन लेकीकडे, आजींचा पडदा आजींकडे.


बोरिवली_फास्ट | सोमवार, रात्री ८:५५

केडीईचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. व्हिडिओ बघून लोक मिंटवर किंवा कुबुंटू (केडीईवालं उबुंटू) २४.०४ वर केडीई टाकतात आणि घन शोधत बसतात. तिथे केडीईच्या डेस्कटॉपची, म्हणजे प्लाझ्माची, ५.२७ आवृत्ती मिळते आणि त्यात घन नाही. जुना घन मधल्या काळात काढून टाकला होता, तो नव्याने लिहून प्लाझ्मा ६ मध्ये परत आणला, २८ फेब्रुवारी २०२४ ला. म्हणजे घन हवा तर प्लाझ्मा ६ असलेलं काहीतरी घ्या, उदाहरणार्थ फेडोरा नावाच्या लिनक्सची केडीई आवृत्ती. आभासी डेस्कटॉप किमान तीन लागतात, मग मेटा (विंडोजची कळ) आणि सी. डुलत्या खिडक्या मात्र ५.२७ मध्येही आहेत, डेस्कटॉप इफेक्ट्सच्या यादीत टिक करायची एवढंच.

मी रोज बोरिवलीहून चर्चगेटला जातो, रात्री घरी आल्यावर अर्धा तास हेच करतो. त्याने डोकं हलकं होतं. माझ्यासाठी एवढं कारण पुरे आहे.


चाळकरी | सोमवार, रात्री ९:२०

मेटवर कॉम्पिझ लावणाऱ्यांसाठी दोन खड्डे, दोन्हींत मी पडलेलो आहे.

पहिला. घन चालू केला, फिरवला, तर ठोकळ्याऐवजी पातळ पाटी गरगरते. पाटीच्या या बाजूला एक डेस्कटॉप, त्या बाजूला दुसरा. कारण आडव्या डेस्कटॉपची संख्या दोनच असते. जनरल ऑप्शन्समध्ये डेस्कटॉप साइजला ती चार करायची, चार भिंती झाल्या की घन होतो. तसंच डेस्कटॉप वॉल (डेस्कटॉप भिंतीसारखे सपाट मांडणारा इफेक्ट) आधी बंद करावं लागतं, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

दुसरा खड्डा जास्त घाबरवतो. सगळ्या खिडक्यांच्या शीर्षकपट्ट्याच नाहीशा होतात. ना बंद करायची फुली, ना ओढायला जागा. २००८ मध्ये मी त्यापायी पूर्ण उबुंटू पुन्हा टाकलं होतं, रात्रभर बसून. खरं तर विंडो डेकोरेशन नावाची एक टिक निघालेली असते. ती लावली की पट्ट्या परत. तोपर्यंत ऑल्ट धरून खिडकी कुठूनही ओढता येते, ऑल्ट एफ-फोरने बंद होते.


शिवडीकर | सोमवार, रात्री १०:४०

तापण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मुंबईची हवा दमट, त्यात रस्त्याची धूळ. पंख्याच्या जाळीत ती ओल्या वातीसारखी घट्ट बसते. माझा लॅपटॉप इफेक्ट लावल्यावर तापायला लागला, मी सगळा दोष इफेक्टना दिला. शेवटी उघडून बघितलं तर जाळीवर बोटभर थर. साफ केला, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तेच इफेक्ट, तोच घन, आता पंख्याचा आवाजही येत नाही.

ताई, रॅम कुठली आणलीत ते एकदा बघा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची. लॅमिंग्टन रोडवर मला एका दुकानदाराने साधी डीडीआर-थ्री दिली होती, १.५ व्होल्टची. दिसायला जुळी बहीण, खाचही तीच. पडदा उजळलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रँट रोड स्टेशनला उतरून, जिने चढून-उतरून बदलून आणली. तुमची चालतेय म्हणजे बरोबरच असणार, पण पुढच्यांनी पावती घेताना ते एल अक्षर बघून घ्या.


निरांजन | मंगळवार, सकाळी ७:१५

सासूबाईंच्या प्रश्नावर मला लिहायचं आहे.

माझ्या आईला काचबिंदू आहे. मधलं दिसतं, कडेचं गेलं. तिला मोठी अक्षरं लागतात, पण ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी केली की ई-पेपरचं पान तुटतं, रकाने एकमेकांवर चढतात. एका मित्राने कॉम्पिझचं झूम दाखवलं. सुपरची कळ (म्हणजे विंडोजचीच) धरून माऊसचं चाक पुढे फिरवलं की अख्खा पडदा मोठा होतो. पान नव्हे, पडदा. माऊस जिकडे नेऊ तिकडे दृश्य सरकतं.

पहिल्या सकाळी मी तिच्याशेजारी बसले होते. तिने चाक फिरवलं, जन्म-मृत्यूच्या जाहिरातींचा रकाना समोर आला. माऊस हळूहळू उजवीकडे नेत ती एकेक ओळ वाचत होती, ओळ संपली की डावीकडे परत. वर्षभर बाबा तिला वाचून दाखवत होते. त्या दिवशी तिने दादरच्या एका जुन्या मैत्रिणीची बातमी स्वतः वाचली. बराच वेळ चाकावरचं बोट तसंच ठेवून बसली, मग म्हणाली, "माझी मीच वाचली हे बरं झालं."

मास्तरांनी सांगितलं ना, खिडकी हा चिपच्या हातातला कागद आहे, म्हणून तो जाळता येतो. तोच कागद मोठाही करता येतो. घन फिरवणारं आणि आईला वाचायला देणारं यंत्र एकच आहे. सिनॅमनमध्ये अॅक्सेसिबिलिटीत डेस्कटॉप झूम आहे, चाकाबरोबर कोणती कळ धरायची तेही तिथेच ठरवता येतं. केडीईत मेटा आणि अधिकचं चिन्ह. ज्यांना पांढऱ्या पडद्याचा त्रास होतो त्यांच्यासाठी केडीईत रंग उलटे करण्याचा इफेक्टही आहे, मेटा, कंट्रोल आणि आय.


किनारा | मंगळवार, सकाळी ७:४०

निरांजन, नमस्कार सांगा आईंना.


साधासोपा | मंगळवार, सकाळी ८:३०

निरांजन ताई, हे वाचून थांबलो. भिंग म्हणून याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो मुद्दा पूर्ण मान्य.

पेटत्या खिडक्यांबद्दल माझं मत तेच आहे. हालचालीने काही कळत असेल तर ती असावी, नुसतीच दिसत असेल तर नसावी.


मास्तर_परळ | मंगळवार, दुपारी १:५०

साधासोपा, शेवटच्या वाक्याशी सहमत, पण काय कळतं हे माणसागणिक बदलतं. तुमच्या बोटांना खिडक्यांचा नकाशा पाठ आहे. नवख्या माणसाला खिडकी एकदम नाहीशी झाली की ती गेली कुठे हेच उमगत नाही. सरकत कोपऱ्यात गेली तर डोळे तिच्यामागे जातात.


पारिजातक | शनिवार, रात्री ९:०५

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर जीएसटीच्या तारखा होत्या, आज दुपारी लेक आणि मी मिळून केलं. काय काय झालं ते लिहिते.

आधी टर्मिनलवाला दादांनी सांगितलेली रेंडररची ओळ बघितली, इंटेलच निघाली. स्नॅपशॉट काढला. लेकीसाठी वेगळं खातं केलं. घन पहिल्या फटक्यात फिरला! तिने चारही बाजूंना नावं दिली आहेत : अभ्यास, चित्रं, गाणी आणि "रिकामी". अभ्यासावरून गाण्यांवर जायला दोनदा बाण दाबावा लागतो, हे मला आवडलं. डुलत्या खिडक्यांचे दोन्ही आकडे वर-खाली करून तिने स्वतः खरवस जमवला आणि मला विचारलं, "आई, घर्षण म्हणजे चप्पल घासते तेच ना?" बर्न माय विंडोज लावल्यावर पहिला अर्धा तास ती नुसत्या खिडक्या उघडून जाळत होती. शिवडीकर, रॅमवर ते एल आहे, बघितलं. पंखा एकदाच वाजला, व्हिडिओ चालू असताना आग लावली तेव्हा. उद्या जाळी साफ करून घेणार आहोत.

आता सासूबाई. त्यांच्या खात्यात काहीच लावायचं नाही असं ठरवलं होतं, फक्त झूम. ते त्यांना पटकन जमलं. पण बाजूला बसले तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. पेपर वाचता वाचता भजन लावायचं असलं की त्या खिडकी खाली घेतात, म्हणजे मिनिमाइझ करतात, आणि लगेच हाक मारतात, "अगं, पेपर गेला!" रोज सकाळी ही हाक मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि ओला हात पुसत येऊन पट्टीवर क्लिक करून देते. मला वाटायचं त्या विसरतात. त्या विसरत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून पान खरंच नाहीसं होत होतं.

मास्तरांचं शेवटचं वाक्य आठवलं आणि त्यांच्याही खात्यात मॅजिक लॅम्प लावला. आता खिडकी निमुळती होत, पदराचं टोक अंगठीतून ओढावं तशी खालच्या पट्टीतल्या एका जागेत शिरते. पहिल्यांदा केलं तेव्हा त्या चष्मा काढून पुढे वाकल्या. "थांब, पुन्हा कर." पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः त्या जागेवर क्लिक केलं, पान तिथूनच वर आलं. चार वेळा खाली घेतलं, चार वेळा वर काढलं. "हे बघ, इथे बसतो तो," असं मलाच दाखवलं.


संध्याछाया | शनिवार, रात्री ९:३२

त्यांना चक्कर वगैरे नाही ना येत?


पारिजातक | शनिवार, रात्री ९:४०

नाही ताई, मी मुद्दाम विचारलं. घन त्यांच्याकडे नाहीच, फक्त ती एक हालचाल. बंद कुठून करायचं ते लेकीने वहीत चित्र काढून दिलंय.


साधासोपा | रविवार, सकाळी ८:१०

माझ्या वडिलांचीही रोज हीच तक्रार असते, "फाइल गेली." मी प्रत्येक वेळी त्यांना पट्टीकडे बघा म्हणून सांगत आलोय. आज त्यांच्या मिंटवर लावून बघतो. ताई, मॅजिक लॅम्पचा वेळ किती ठेवलात?


पारिजातक | रविवार, सकाळी ८:२५

अर्धा सेकंद. आधी पाव ठेवला होता, तो त्यांच्या नजरेतून निसटत होता.